भांड्यावर नाव कुणाचं?

आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात. निदान परवापरवापर्यंत घालत असत. लग्नात मामानं दिलेल्या परातीवर मामाचं, बारशाच्या वाटीवर आत्याचं, वास्तुशांतीच्या घंगाळावर शेजाऱ्यांचं. देणाऱ्याला हौस असली तर गाव, तारीख, 'सप्रेम भेट' आणि 'अमुक हिच्या शुभविवाहाप्रीत्यर्थ' असा मजकूर काठाकाठानं इतका लांब जातो की तो वाचायला परात गरागरा फिरवावी लागते आणि आतलं पीठ सांडतं. भांड्यावर एवढा इतिहास असतो. नसतं फक्त एकच नाव. ज्या तांबटानं ते ठोक्याठोक्यानं घडवलं त्याचं. ते घालावं असं मामाला सुचत नाही, आत्याला सुचत नाही आणि खरं सांगायचं तर तांबटालाही सुचत नाही.

या गोष्टीचं मला साठ वर्षांत कधी नवल वाटलं नव्हतं. ते वाटायला जपान आणि कोरियातली मातीची भांडी जमवायचा नाद लागावा लागला.

नाद कसा लागला हे सांगायला फार वेळ लागणार नाही. पुतण्या तोक्योत कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. राहतो निशी-कासाईला. तिथं आता आपल्याकडची माणसं इतकी झाली आहेत की सकाळी खिडकी उघडली तर समोरच्या घरातून फोडणीचा वास यावा. त्याचं बाळ बघायला म्हणून आम्ही उभयता गेलो आणि बाळाचे दोनशे फोटो आणि एक वाडगा घेऊन परत आलो. पुढे तिकडे आणखी दोनदा आणि कोरियाला एकदा जाणं झालं. आज माझ्यापाशी अकरा भांडी आहेत. सात जपानी, चार कोरियन. अकरा भांड्यांना संग्रह म्हणावं की नाही यावर घरात दोन पक्ष आहेत. जो विकत घेतो तो 'संग्रह' म्हणतो. ज्याला धूळ पुसावी लागते तो 'पसारा' म्हणतो.

ही जुनीपुराणी भांडी नव्हेत. तिकडची जुनी भांडी घ्यायची तर राहता फ्लॅट विकावा लागेल, आणि मग भांडी ठेवायची कुठं हा प्रश्न येईल. माझी भांडी आजकालच्या कुंभारांची आहेत. यांना स्टुडिओ पॉटर म्हणतात. म्हणजे माती मळण्यापासून भट्टीत लाकडं सारण्यापर्यंत सगळं तो एकटा माणूस करतो, आणि शेवटी ऐटीत स्वतःचं नाव घालतो.

नाव घालतो ते मात्र पुष्कळदा भांड्यावर नव्हे, पेटीवर. चांगल्या जपानी भांड्याबरोबर एक लाकडी पेटी येते. 'किरी' नावाच्या झाडाचं हलकं, पांढुरकं लाकूड असतं, वरून सपाट फीत बांधलेली असते. झाकणावर कुंभार स्वतः ब्रशनं भांड्याचा प्रकार आणि आपलं नाव लिहितो आणि खाली लाल शिक्का उठवतो. हिला म्हणतात तोमोबाको, म्हणजे सोबतीची पेटी. ही सोबतीण हरवली की भांड्याचा भाव धाडकन उतरतो. भांडं तेच, माती तीच, कुंभार तोच. पण पेटी नाही म्हटलं की दुकानदाराचा चेहरा 'मुलगा चांगला आहे हो, पण पत्रिका नाही' असं ऐकल्यासारखा होतो. जुन्या नामांकित भांड्यांना तर पेटीला पेटी आणि तिला आणखी एक पेटी असते. मालक बदलला की नवा मालक वर आपली पेटी चढवतो. आत वाडगा वीतभर आणि बाहेर फळ्यांचा संसार.

माझ्या पहिल्या वाडग्याची पेटी सौभाग्यवतींनी हातात घेतली, उघडली, झाकण लावून पाहिलं, आणि म्हणाल्या, "हिंगाला किती छान आहे!"

हिंगाला! चारशे वर्षांची चहाची परंपरा एका चिमटीत तिनं फोडणीला टाकली.

चारशे वर्षं म्हणालो ते उगाच नव्हे. या सगळ्या प्रकरणाची सुरुवात सोळाव्या शतकात आहे. जपानात तेव्हा सरदार एकमेकांची डोकी उडवत होते आणि दोन लढायांच्या मधल्या सवडीत चहा पीत होते. चहाचं भांडं ही सरदारकीची खूण होती. आपल्याकडे लढाईत गड जिंकत, तिकडे गड जिंकल्यावर आधी चहाची डबी कुठं आहे ते बघत. भांडी पसंत असत ती चिनी. गुळगुळीत, रेखीव, राजबिंडी.

तेवढ्यात सेन नो रिक्यू (1522–1591) नावाचा चहाचा गुरू आला आणि त्यानं सगळ्यांची चव बदलून टाकली. त्यानं चहाची खोली झोपडीएवढी केली. आत शिरायचं दार इतकं बुटकं ठेवलं की भल्याभल्या सरदारांना गुडघ्यावर सरपटत यावं लागे. आणि चोजिरो नावाच्या कौलं करणाऱ्या कारागिराकडून त्यानं वाडगे करवून घेतले. चाकावर न चढवता नुसत्या हातानं वळलेले, काळे नाहीतर लालसर, जरा वाकडेच. हीच 'राकू' भांडी. चोजिरोच्या मागे हे घराणं आजतागायत चालू आहे. पंधरावे राकू किचिझाएमोन 2019 मध्ये निवृत्त झाले आणि मुलगा सोळावा किचिझाएमोन झाला. नावासकट गादी मुलाला द्यायची आणि आपण दुसरं नाव घेऊन बाजूला व्हायचं ही त्यांची रीत. आपल्याकडे सत्तरीतही मुलाच्या हाती किल्ल्या न देणाऱ्या वडीलमंडळींनी यावर विचार करावा.

रिक्यूचा धनी होता तोयोतोमी हिदेयोशी. साध्या शेतकरी घरातून वर येऊन सबंध जपान ताब्यात आणलेला हा गृहस्थ. त्याला रिक्यूची झोपडीही हवी होती आणि स्वतःची सोन्याची चहाखोलीही. होय, सोन्यानं मढवलेली, आणि सुटी करून कुठंही नेता येईल अशी! सोन्याच्या खोलीचा मालक आणि झोपडीचा गुरू यांचं फार दिवस पटणं कठीणच होतं. 1591 मध्ये हिदेयोशीनं रिक्यूला पोट फाडून मरायची आज्ञा केली. नेमकं कारण काय यावर इतिहासकारांचं अजून एकमत नाही. रिक्यूचा शिष्य फुरुता ओरिबे हाही पुढे मोठा चहागुरू झाला. 1615 मध्ये त्यालाही तीच आज्ञा झाली, दुसऱ्या धन्याकडून. चहानं पित्त होतं एवढंच आपण ऐकून होतो.

पण गुरू गेला तरी चव राहिली, आणि चवीबरोबर बाजार राहिला. 1594 मध्ये साकाई बंदरातल्या एका व्यापाऱ्यानं फिलिपाइन्समधल्या लुझोनहून माल भरायचे रांजण आणले. तिकडे ते अडगळीत पडणारे. इकडे हिदेयोशीनं ते चहाची पानं ठेवायला उत्तम आहेत असा निर्वाळा दिला मात्र, सरदारांची झुंबड उडाली. रांजण तेच, फक्त ते कुणाला आवडले हे लोकांना कळलं. वस्तूचा भाव वस्तूत नसून बघणाऱ्याच्या वजनात असतो हे तत्त्व पुढच्या सगळ्या संग्राहकांनी बिनबोभाट पाळलं आहे. मीही कुठलं भांडं घ्यावं हे ठरवताना आधी शेजारचं गिऱ्हाईक कुठलं उचलतंय ते तिरप्या डोळ्यानं पाहतो.

इथवर गंमत होती. आता गंमत जरा बाजूला ठेवावी लागते.

1592 मध्ये हिदेयोशीनं कोरियावर स्वारी केली. 1598 मध्ये तो मेला तेव्हा ती संपली. मधली सहा वर्षं कोरियाची राखरांगोळी झाली. परत येणाऱ्या जपानी सरदारांनी लूट आणली, ग्रंथ आणले, आणि माणसं आणली. त्या माणसांत कुंभार होते. चहाच्या नादी लागलेल्या या सरदारांना कोरियन वाडग्यांचं वेड होतं. आता वाडगा करणारेच हाती लागले होते. या लढाईला जपानी लोकच पुढे 'भांड्यांची लढाई' म्हणू लागले. नाव ऐकून हसू येतं. पण ज्याला चाकावरून उठवून बोटीत घातलं आणि ज्यानं पुन्हा आपलं गाव पाहिलं नाही, त्याला ते आलं नसेल.

या कुंभारांनी जपानात काय केलं ते मोजायला गेलं तर हाताची बोटं पुरत नाहीत. मोरी सरदारानं आणलेल्या ली आडनावाच्या दोन भावांनी हागीची भांडी सुरू केली. कारात्सुच्या भट्ट्या कोरियन हातांनी भरभराटीला आणल्या. अरिता गावाजवळच्या डोंगरात 1616 च्या सुमारास पोर्सेलिनची पांढरी माती सापडली आणि जपानात पहिल्यांदा पोर्सेलिन होऊ लागलं. त्याचं श्रेय एका कोरियन कुंभाराला देतात. त्याचं नाव ली साम-प्योंग असं सांगतात. पण कागदपत्रांत सापडतं ते त्याला तिकडे मिळालेलं जपानी नाव, कानागाए साम्बेए. कोरियन नाव मागाहून त्याच्यावरूनच बसवलेलं आहे. अरितात आज त्याचं स्मारक आहे, देवळात त्याची पूजा होते. माणसाला देव करायची सोय झाली, पण आईनं त्याला कुठल्या नावानं हाक मारली ते कुणी टिपून ठेवलं नाही.

जपानी चहावाल्यांत एक जुनी म्हण आहे: वाडग्यांत पहिला राकू, दुसरा हागी, तिसरा कारात्सु. त्यातले दुसरा आणि तिसरा कोरियन कुंभारांनी उभे केले. आणि पहिल्याचं काय? चोजिरोचा बाप चीनमधून आलेला होता म्हणतात. म्हणजे जपानी चवीचे हे तिन्ही मानकरी बाहेरगावचे. आपल्या वड्याच्या पोटातला बटाटा आणि डोक्यावरची मिरची दोन्ही समुद्रापलीकडून आलेली, त्यातलाच प्रकार.

आता एका वाडग्याची गोष्ट सांगतो. क्योतोच्या दाइतोकुजी मठात कोहो-आन नावाचं उपमंदिर आहे. तिथं 'किझाएमोन' नावाचा एक वाडगा आहे. तोंड साधारण पंधरा सेंटिमीटर, रंग पिवळसर तपकिरी, अंगभर बारीक तडे, बूड जरा खडबडीत, तिथं झिलईचे दाणे जमलेले. सोळाव्या शतकात कोरियात कुणीतरी केलेला. आज तो जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे आणि चहाच्या वाडग्यांचा राजा समजला जातो.

आणि हा किझाएमोन कोण? कुंभार? छे! हा ओसाकाचा एक व्यापारी. वाडगा एके काळी त्याच्याकडे होता म्हणून वाडग्याला त्याचं नाव. म्हणजे आमच्या मामाची परातच झाली की! गोष्ट अशी सांगतात की किझाएमोनचं दिवाळं निघालं, पण वाडगा त्यानं सोडला नाही. भीक मागायची पाळी आली तरी पिशवीत घालून गळ्यात बांधून फिरे. शेवटी अंगावर गळवं होऊन मेला. मग अठराव्या शतकात मात्सुदाइरा फुमाई नावाच्या सरदारानं तो साडेपाचशे र्यो, म्हणजे तितकी सोन्याची नाणी, मोजून घेतला. त्यालाही गळवं झाली. बायको म्हणाली, विकून टाका. त्यानं ऐकलं नाही. त्याच्या मागे मुलालाही गळवं झाली, तेव्हा त्या बाईनं वाडगा उचलून मठाला देऊन टाकला. गळवांचा आणि वाडग्याचा संबंध वैद्यकशास्त्राला मान्य होणार नाही. पण घरात पसारा कुणामुळे वाढतो आणि तो शेवटी कोण आवरतं, याबाबत ही कथा अगदी शास्त्रशुद्ध आहे. मी ती आमच्याकडे अजून सांगितलेली नाही.

1931 मध्ये यानागी सोएत्सू (1889–1961) हा वाडगा बघायला गेले. पेटीतून पेटी, तिच्यातून पेटी आणि मग रेशमी वेष्टण, असं करत करत वाडगा बाहेर आला. यानागींनी पाहिला आणि त्यांच्या मनात आलं ते असं की हा तर गरीब माणसाचा रोजच्या भाताचा वाडगा! इतका साधा, की याहून साधं काही असूच नये. करणाऱ्यानं तो कलाकृती म्हणून केला नाही, सही केली नाही, बहुधा दिवसाला असे कितीतरी केले, आणि म्हणूनच तो इतका निर्मळ झाला. आता काही अभ्यासक म्हणतात की तो भाताचा नसून पूजेतला वाडगा असावा. असेल. पण दोन्ही पक्षांचं एका गोष्टीवर एकमत आहे: करणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही.

यानागींना ही दृष्टी कोरियानंच दिली होती. 1914 मध्ये असाकावा नोरिताका नावाचा एक जपानी शाळामास्तर कोरियातली पांढरी भांडी भेट म्हणून त्यांच्याकडे घेऊन आला आणि यानागी कोरियाच्या प्रेमात पडले. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. राज्यकर्त्यांच्या जमातीतल्या या माणसानं सोलमधला ग्वांगह्वामुन दरवाजा पाडायचं घाटत होतं तेव्हा त्याविरुद्ध लिहिलं आणि 1924 मध्ये तिथल्या राजवाड्यात कोरियन लोककलेचं संग्रहालय उघडलं. पुढे 1925 च्या सुमारास यानागी आणि त्यांचे कुंभार मित्र हामादा शोजी आणि कावाई कानजिरो यांनी मिळून 'मिंगेई' हा शब्द काढला. म्हणजे लोकांची कला. नाव नसलेल्या हातांनी रोजच्या वापरासाठी केलेली.

इथून पुढे नियतीनं जी गंमत केली ती एखाद्या विनोदी लेखकालाही सुचली नसती. 'नाव नको, नाव नको' म्हणणारे हे कुंभार बघता बघता जगातले सर्वांत नामवंत कुंभार झाले. हामादा (1894–1978) माशिको गावी जाऊन राहिले आणि आपल्या भांड्यांवर सही करीनात. 1955 मध्ये सरकारनं पहिल्यांदा 'हयात राष्ट्रीय ठेवा' असा किताब कुंभारांना दिला, त्या चौघांत हामादा होते. भांड्यावर सही नाही, मग ओळखायचं कसं? पेटीवरून! पेटीवर मात्र ते लिहून देत. त्यांच्या पश्चात हे काम मुलाकडे आणि मग नातवाकडे आलं. सातबाऱ्याचा उतारा द्यावा तसं 'हे भांडं आजोबांचंच' असं पेटीवर लिहून द्यायचं. नाव टाळायचा प्रयत्न केलेल्या माणसाचं नाव तीन पिढ्या लिहिलं जातंय. कावाईंनी (1890–1966) तर किताबही घेतला नाही. सही नाही आणि किताबही नाही; त्यामुळे त्यांची भांडी काही स्वस्त झाली नाहीत.

किताबावरून एक प्रकरण आठवलं. ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1959 मध्ये जपान सरकारनं एक उंच रांजण 'महत्त्वाची सांस्कृतिक मालमत्ता' म्हणून जाहीर केला. त्याच्यावर कोरलेलं साल होतं 'एइनिन दुसरं', म्हणजे 1294. सेतोच्या जुन्या भट्टीतला दुर्मीळ नमुना! शिफारस करणारे होते कोयामा फुजिओ, जुन्या भांड्यांचे देशातले अव्वल जाणकार. पुढच्याच वर्षी कुजबुज सुरू झाली, आणि कातो तोकुरो (1897–1985) नावाच्या कुंभारानं सांगून टाकलं की रांजण माझा. मीच केला. क्ष-किरणांनी झिलई तपासली, तर ती आजकालची निघाली. 1961 मध्ये किताब काढून घेतला. कोयामांनी नोकरी सोडली.

कातोचं काय झालं? आपल्याकडे असता तर जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या असत्या. तिकडे लोक म्हणाले, ज्याला सातशे वर्षांपूर्वीचं भांडं इतकं हुबेहूब करता येतं तो केवढा मोठा कुंभार! त्याचं नाव आणखी वाढलं. आणि कोयामा? ज्या विद्येनं त्यांना दगा दिला तिच्यापासून ते पळाले नाहीत. उतारवयात पुन्हा चाकावर बसले आणि भांडी करू लागले. त्यांची भांडी आज लोक जमवतात. परीक्षक नापास झाल्यावर वर्गात जाऊन पहिल्या बाकावर बसावा, तसं. सबंध प्रकरणात मला सगळ्यांत आवडलेला माणूस हाच.

कोरियात नावाची गोष्ट याहून निराळी आहे. तिथल्या सगळ्या भांड्यांत मला जीव की प्राण वाटतो तो 'दालहांगारी'. दाल म्हणजे चंद्र, हांगारी म्हणजे रांजण. चांदरांजण म्हणा हवं तर. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकापर्यंत हे पांढरेशुभ्र रांजण झाले. आकार इतका मोठा की एका दमात चाकावर चढत नाही. दोन अर्ध्या वाट्या करून मधोमध जोडतात. भट्टीत तो जोड जरासा बसतो, पोट एका बाजूला किंचित कलतं. म्हणून कुठलाच चांदरांजण पुरता गोल नसतो. पौर्णिमेचा नव्हे, चतुर्दशीचा चंद्र. त्याचं हे चंद्राचं नावही विसाव्या शतकात पडलं. करणाऱ्यांना तो नुसता पांढरा रांजण होता. यातला एक इंग्रज कुंभार बर्नार्ड लीचनं 1935 मध्ये सोलमध्ये विकत घेतला. पुढे तो लंडनला लूसी री या थोर कुंभारीणबाईंच्या स्टुडिओत कित्येक वर्षं होता. 1999 मध्ये तो ब्रिटिश म्युझियमनं घेतला. दुसरा एक 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पंचेचाळीस लाख डॉलरच्या वर गेला. घेणाऱ्यांची नावं अशी घडाघडा सांगता येतात. करणाऱ्यांचं एकही सांगता येत नाही.

आजचे कोरियन कुंभार हा रांजण पुन्हा करतात, आणि मनासारखा झाला नाही तर फोडतात. त्यांची ती रीतच आहे. भट्टीपाशी खापरांचा ढीग असतो. सोलजवळच्या ईछन या कुंभारांच्या गावी मी तो पाहिला आणि काळजाचं पाणी झालं. त्यातली निम्मी भांडी मी आनंदानं, थोडी सूट मिळाली तर, घेतली असती. अशीच टाकून दिलेली खापरं ई सू-ग्यंग नावाची एक कलावंत बाई गोळा करते. वेगवेगळ्या भांड्यांचे तुकडे जोडून ती त्यांचं फुगलेलं, टेंगळं आलेलं असं काहीतरी नवंच करते आणि सांध्यावर सोनं लावते. कोरियन भाषेत 'गम' म्हणजे सोनं आणि 'गम' म्हणजे तडाही. यातला अर्थ काढायला मला कुणाची मदत लागली नाही.

आता माझ्या सात जपानी भांड्यांतल्या एकाविषयी. माशिकोला वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, भांड्यांची जत्रा भरते. 1966 पासून भरते आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेकडो तंबू. नामांकित कुंभारांच्या शेजारी काल चाक शिकलेली पोरं. बायका आपल्याकडे मडकं वाजवून घेतात तशा तिथं वाडगा उलटा करून बूड बघतात. मीही बघत होतो. एका तिशीतल्या कुंभाराचा तांबूस 'काकी' झिलईचा, म्हणजे पिकल्या तेंदूफळाच्या रंगाचा, वाडगा मला फार आवडला. मी पुतण्यामार्फत विचारलं, पेटी आहे का? तो म्हणाला, नाही; पाहिजे तर करून धाडतो, पण वाडग्यापेक्षा पेटी महाग पडेल. मग त्यानं उलट विचारलं, यात काय घालणार?

मी 'प्रदर्शनात ठेवणार' याला भारदस्त जपानी शब्द कोणता असं पुतण्याला विचारतोय तोवर सौभाग्यवती मराठीतच म्हणाल्या, "दही विरजीन."

पुतण्यानं भाषांतर केलं. तो कुंभार इतका खूश झाला की त्यानं वाडगा परत हातात घेतला, आतून अंगठा फिरवून बघितला, आणि दह्याला हा बरा नाही म्हणून मागच्या खोक्यातून जरा खोल वाडगा काढून दिला. पैसे तेवढेच घेतले. त्याच्यावर सही नाही, पेटी नाही. गडबडीत नाव विचारायचं राहिलं. माझ्या अकरा भांड्यांतलं दररोज वापरलं जाणारं भांडं हे एकच. बाकी दहा पेट्यांत सुखरूप आहेत. दही उत्तम लागतं. सोएत्सू यानागी असते तर त्यांनी माझ्याशी दोन शब्द बोलून उरलेला वेळ स्वयंपाकघरात घालवला असता असं मला वाटतं.

नावाची ही कथा एका घराण्याशिवाय पुरी होत नाही. 1598 मध्ये कोरियातल्या नामवोनहून सात्सुमाच्या सरदारानं जे कुंभार धरून आणले त्यांत शिम डांग-गिल नावाचा एक होता. दक्षिणेकडच्या कागोशिमा भागातल्या नाएशिरोगावा गावी त्यांना वसवलं. सरदाराचा हुकूम असा की यांनी आपली कोरियन नावं, भाषा, पेहराव सोडायचा नाही. पुढे काळ फिरला. जी नावं हुकमानं राखली तीच अडचणीची होऊ लागली, आणि अनेकांनी जपानी नावं घेतली. त्याच गावातल्या पाक घराण्यातला एक मुलगा तोगो शिगेनोरी नावानं दुसऱ्या महायुद्धात जपानचा परराष्ट्रमंत्री झाला. शिम घराण्यानं मात्र नाव सोडलं नाही. बारावे शिम सू-ग्वान 1873 च्या व्हिएन्नाच्या प्रदर्शनात गाजले. जपानी उच्चारात चिन जुकान. तेव्हापासून घरातला कर्ता तेच नाव लावतो.

सात्सुमातल्या या पहिल्या पिढीच्या भांड्यांना एक शब्द आहे: 'हिबाकारी'. म्हणजे 'फक्त आग'. माती कोरियातून आलेली, झिलई कोरियातली, कुंभार कोरियन. जपानची काय ती फक्त आग. पकडून आणलेल्या माणसांचा सगळा हिशेब त्या एका शब्दात आला.

1998 मध्ये या गोष्टीला चारशे वर्षं झाली. तेव्हा चौदाव्या चिन जुकाननी (1926–2019) नामवोनहून आग मागवली. ती समुद्रावरून कागोशिमाला आणली आणि तिच्यावर भट्टी पेटवली. या खेपेला माती जपानची, कुंभार जपानात जन्मलेला, आणि कोरियाची फक्त आग. चारशे वर्षांनी हिशेब उलटा मांडून त्यांनी पुरा केला.

त्या आगीला पेटी नव्हती, तिच्यावर शिक्का नव्हता, आणि तिच्यावर नाव घालायची सोय आजवर कुठल्या मामाला सापडलेली नाही. संग्राहकाला कपाटात ठेवता येईल असं त्यात काहीच नव्हतं. माझ्या संग्रहात ती नाही याचं मला वाईट वाटत नाही असं नाही; पण आमच्या घरच्या दुसऱ्या पक्षाचं म्हणणं असं की जी वस्तू घेऊन जाता येत नाही तीच एवढी एक नीट जागेवर पोचली.